समाजकार्याचं भारतीयीकरण: श्लोक वाढवून होतं की बैठक बदलून?

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून महाविद्यालयांत ‘भारतीय ज्ञान परंपरा’ हे शब्द सारखे कानावर पडतात. गणित, आयुर्वेद, स्थापत्य यांच्या बाबतीत त्याचा काहीतरी अर्थ लावता येतो. समाजकार्याच्या वर्गात मात्र गोंधळ उडतो. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करणारी मुलं विचारतात, संस्थांमध्ये केस पांढरे झालेले कार्यकर्तेही विचारतात: समाजकार्याचं भारतीयीकरण करायचं म्हणजे करायचं तरी काय? पहिल्या प्रकरणात चार श्लोक आणि दोन अभंग घालायचे? दान-धर्मावर एक धडा वाढवायचा? की अमेरिकी पुस्तकं सरळ बांधून माळ्यावर टाकायची?

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आलेला नाही. न्यूझीलंडचे माओरी, कॅनडातले मूळनिवासी, आफ्रिकेतले कितीतरी देश गेली काही दशकं त्याच्याशी झगडताहेत. २०१४ साली मेलबर्नमध्ये समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या व्यवसायाची नवी व्याख्या मान्य केली. तीत सामाजिक शास्त्रांच्या जोडीने मूळनिवासी समाजांचं ज्ञान हाही समाजकार्याचा पाया आहे, असं नोंदवलं गेलं. कागदावर वाद मिटला, पण प्रत्यक्ष कामात तो जिथल्या तिथे आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. समाजकार्य इथलं व्हायचं असेल तर पुस्तकात कोणाची वचनं आहेत यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते बैठकीत कोण बसतं, अडचण कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो. बाकीची चर्चा या तीन गोष्टींभोवती फिरते.

‘व्यावसायिक समाजकार्य’ आलं कुठून?

अडल्यानडल्याला मदत करणं जगात सगळीकडेच जुनं आहे. पण पदवी घेतलेला, पगार घेणारा, नोंदी ठेवणारा समाजकार्यकर्ता हा साधारण दीडशे वर्षांतला माणूस. कारखान्यांमुळे फुगलेल्या इंग्लंड-अमेरिकेच्या शहरांत तो घडला. गावाकडून लोंढे आले, नातीगोती मागे राहिली, आजारपण-बेकारी आली की विचारायला कोणी नाही, अशी ती शहरं. १८६९ साली लंडनमध्ये धर्मादाय संस्थांची एक संघटना उभी राहिली. मदत मागणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन चौकशी करायची आणि मगच मदत द्यायची, ही तिची शिस्त. १८८९ साली शिकागोत जेन अॅडम्स यांनी वेगळी वाट धरली आणि त्या गरीब वस्तीतच राहायला गेल्या. १९१७ साली मेरी रिचमंड यांनी सामाजिक निदानावर ग्रंथ लिहिला. डॉक्टर जसं रोगाचं निदान करतो तसं माणसाच्या अडचणीचं पद्धतशीर निदान कसं करावं, हे त्यात आहे. घरोघर चौकशी आणि लेखी निदान यांतून जे तयार झालं त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘व्यक्तिसहाय्य कार्य’ म्हणतात: एक कार्यकर्ता, समोर एक अडचणीतली व्यक्ती, बंद दाराआड ठरावीक वेळ संवाद, त्याची नोंद, निदान आणि उपाय.

भारतात हे आलं मुंबईच्या नागपाड्यातून. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकी मिशनरी तिथे कामगारवस्तीसाठी केंद्र चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’, ती हीच. पुढे मुंबई, पुणे, नागपूर आणि जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं निघाली. अभ्यासक्रमाचा साचा बराचसा तोच राहिला: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन आणि आठवड्यातून ठरावीक दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम.

या साच्याने पुष्कळ चांगलं दिलं आहे. माणसाला दोष न देता ऐकून घ्यावं, त्याची गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा, ही मूल्यं लाखमोलाची आहेत. अडचण मूल्यांची नाही. ती ज्या भांड्यातून आली त्या भांड्याची आहे.

मग अडतं कुठे?

क्षेत्रकार्याला गेलेल्या कोणत्याही विद्यार्थिनीला विचारा. वस्तीतलं दहा बाय दहाचं घर. नवरा दारू पितो, सून महिनाभर झोपलेली नाही, म्हणून ही गृहभेटीला आलेली. बसायला सतरंजी टाकली जाते, चहा ठेवला जातो. प्रश्न सुनेला विचारलेला असतो, उत्तर सासू देते. शेजारीण दारात येऊन उभी राहते आणि मधूनच सांगते, “तिच्या माहेरचं काय झालं ते विचारा ना.” धाकटी नणंद कोपऱ्यात अभ्यास करण्याच्या निमित्ताने सगळं ऐकत असते. तासाभराने विद्यार्थिनी परत येते आणि अहवालात लिहिते: ‘गोपनीयता राखता आली नाही. कुटुंबीयांचा हस्तक्षेप. पुढील भेट संस्थेच्या कार्यालयात घ्यावी.’

सून कार्यालयात येत नाही. आणि मग लिहिलं जातं: ‘सहकार्य नाही.’

त्या तासाभरात प्रत्यक्षात काय घडलं? अडचण कोणाला दिसते, कोण बोलू शकतं, कोण गप्प आहे, मदतीला कोण धावून येईल, हे सगळं त्या खोलीत उघड झालं होतं. शेजारीण हा अडथळा नव्हता. रात्री-अपरात्री सून ज्या दारावर थाप मारेल ते दार तिचं होतं. पण फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकानाच नव्हता. कार्यकर्तीला दोन्ही गोष्टी यायला हव्यात: सर्वांसमोर बोलणं, आणि नंतर सुनेला नळावर, रेशनच्या रांगेत एकटीला गाठणं. दुसरी गोष्ट चांगल्या कार्यकर्त्या करतातच. फक्त ती कुठे शिकवली जात नाही आणि अहवालात लिहिलीही जात नाही.

वेळेचंही तसंच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, जिला मुकादम ‘एक कोयता’ धरतो, बीडहून निघते ती हंगाम संपेपर्यंत कोल्हापूर-सांगलीत किंवा कर्नाटकात असते. तिची फाइल मात्र बीडमध्ये. दर महिन्याला पाठपुरावा हा नियम जिथे घर एका जागी असतं तिथे ठीक चालतो. इथे तो नियमच कुटुंबाला कामातून वगळतो. याउलट हंगामी वसतिगृहाच्या कल्पनेत मुलं गावातच राहतात, जेवण शाळेत मिळतं, आणि रात्री अनेकदा ती आजी-आजोबांजवळ असतात. मुलांना मागे ठेवायचं तर आजीकडेच, हा मार्ग त्या घरांनी आधीच काढलेला होता. योजनेने त्याला जेवणाचा आधार दिला. जमलेल्या योजनांच्या मुळाशी बहुधा असंच काही सापडतं.

भटक्या-विमुक्तांच्या पालावर आणखी एक गोष्ट कळते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हजेरी घेतली जायची. नोंदवही घेऊन दारात आलेल्या माणसाला त्या समाजातल्या म्हाताऱ्या बाया नाव सांगत नाहीत, यात नवल ते काय? ज्या पद्धतीची सुरुवातच चौकशीच्या अर्जाने होते, ती तिथे दाराबाहेरच राहते.

रुग्ण एकटा येत नाही

आपल्याकडे कोणी कधी वेगळं केलंच नाही, असं अजिबात नाही. गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारत. उपदेशाच्या लांबलचक चर्पटपंजरीपेक्षा सवाल-जवाब जास्त, आणि लोक स्वतःच्या तोंडाने उत्तर देत: कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं मारावं का. लोकांच्या ओळखीचा साचा, त्यांचीच बोली, आणि आत मात्र त्यांच्याच चालीरीतींवर टीका. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा पाहिल्या की मला त्यांची नजर कळते. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा, कारण दलित वारकऱ्यांना दुसरीकडे थारा नव्हता. ती त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. रुग्णालय खाट देतं ती एका माणसाला. पण बुलढाण्याहून निघालेला रुग्ण मुलगा, मेहुणा आणि पिठाची पिशवी घेऊन येतो. त्यांना पाठ टेकायला जागा मिळाली नाही तर उपचार अर्ध्यावर सुटतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ संस्था सुरू केली तेव्हा हाच धागा पुन्हा हाती आला. आदिवासी सरकारी दवाखान्यात का जात नाहीत, असं त्यांनी गावांना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, तिथे आमचा देव नाही, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही पांढरं कापड मढ्यावर घालतो, अशी कारणं पुढे आली. मग रुग्णालय आदिवासी पाड्यासारखं बांधलं गेलं. झोपड्यांसारख्या खोल्या आणि रुग्णाजवळ घरची माणसं. रुग्णालयाला नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. उपचार मात्र आधुनिक वैद्यकाचेच.

‘अडाणी समजुती’ म्हणून कोणीही झटकून टाकली असती अशी ही यादी आहे. ती तक्रार म्हणून ऐकली गेली, म्हणून रुग्णालय चाललं.

न्यूझीलंडने काय केलं?

बैठक बदलणं म्हणजे काय, याचं जगातलं सर्वांत स्पष्ट उदाहरण माझ्या मते न्यूझीलंडचं आहे. तिथे माओरी मुलांना घरी धोका आहे असं वाटलं की सरकारी यंत्रणा त्यांना उचलून अनोळखी गोऱ्या कुटुंबांत नाहीतर संस्थांत ठेवत असे. माओरींसाठी मूल हे फक्त आई-बापाचं नसतं. विस्तारित कुटुंब, कूळ आणि जमात अशा तीन वर्तुळांचं ते असतं. अधिकाऱ्यांच्या लेखी मात्र ‘कुटुंब’ म्हणजे आई, बाप आणि मूल. तेवढ्यात काही बिघडलं की कुटुंब संपलं.

१९८० च्या दशकात माओरी नेते जॉन रंगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार समिती नेमली गेली. समितीने ठिकठिकाणी माओरींच्या सभागृहांत बसून लोकांचं ऐकलं आणि समाजकल्याण खातंच वंशभेद करतं, असं स्पष्ट लिहून दिलं. त्यातून १९८९ चा कायदा आला आणि त्यात ‘कौटुंबिक बैठक’ आली. ती अशी चालते:

एक समन्वयक विस्तारित कुटुंबाला बोलावतो. आजी, काका, मावशी, दूर गावचे नातलग, सगळे. कुटुंबाची इच्छा असेल तर सुरुवात प्रार्थनेने होते, बरोबर जेवण होतं. मग समाजकार्यकर्ते, डॉक्टर, शिक्षक आपल्याकडची माहिती मांडतात: मुलाला काय झालं, धोका कशाचा आहे. कुटुंब प्रश्न विचारतं. त्यानंतर हे सगळे तज्ज्ञ उठून खोलीबाहेर जातात. आत फक्त घरची माणसं. मूल कोणाकडे राहील, बापाला व्यसनमुक्तीला कोण नेईल, शाळेची फी कोण भरेल, हे ती ठरवतात. तज्ज्ञ परत येतात आणि आराखडा मुलासाठी सुरक्षित आहे का ते तपासतात. नसेल तर संमती देत नाहीत आणि प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. ज्याच्या हजेरीने मुलाचं अहित होईल अशा नातलगाला बैठकीबाहेर ठेवण्याचा अधिकारही समन्वयकाला आहे.

यात नवीन तंत्र जवळपास काहीच नाही. अमुक एका टप्प्यावर तज्ज्ञाने खोलीबाहेर जायचं, हे कायद्यात लिहिलं, बस्स. ही पद्धत पुढे कितीतरी देशांनी उचलली.

आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. मुलाची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत व्हावी, संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय असावा, असं कायदा म्हणतो. चांगलंच आहे. पण मामा, आत्या, आजी यांना एकत्र बसवून त्यांनीच काही ठरवावं, अशी बैठक बंधनकारक नाही. नातलग अहवालात येतात ते माहिती देणारे म्हणून. एखाद्या जिल्ह्यात अशी बैठक प्रयोग म्हणून लावायला कोणाचा विरोध असेल असं मला वाटत नाही.

न्यूझीलंडची गोष्ट इथे थांबवली तर अर्धवट राहील. कायदा होऊन तीस वर्षं झाली तरी २०१९ साली हेस्टिंग्जच्या रुग्णालयात एका तरुण माओरी आईचं काही दिवसांचं बाळ ताब्यात घेण्याचा सरकारी प्रयत्न झाला. सुईणी आणि नातेवाईक आडवे उभे राहिले, देशभर संताप उसळला. २०२१ साली माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने या सगळ्या धोरणावर कडक अहवाल दिला. २०२४ साली शाही चौकशी आयोगाने सांगितलं की १९५० ते २०१९ या काळात सरकार आणि धर्मसंस्थांच्या देखभालीत राहिलेल्या अंदाजे ६,५५,००० मुलं-माणसांपैकी २,००,००० जणांपर्यंत अत्याचार पोहोचले असावेत. कायद्यात बैठक आहे, पण घाई असली, माणसं कमी असली आणि समोरच्याच्या कुटुंबावर मुळात विश्वासच नसला, की ती उरकली जाते.

“म्हणजे पाश्चात्त्य ते सगळं टाकून द्यायचं?”

नाही. कोकणात कोय कलम बांधतात ते पाहिलं असेल. रायवळ आंब्याची कोय रुजवायची आणि त्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधायची. मूळ इथल्या कातळातलं पाणी शोधतं, फळ निवडलेल्या जातीचं लागतं. काडी कुठून आली याला महत्त्व नसतं. खुंट जगला पाहिजे.

गोव्यात हे प्रत्यक्ष करून दाखवलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या ‘संगाथ’ संस्थेने नैराश्याच्या रुग्णांसाठी एक उपचार तयार केला. त्याचा गाभा पाश्चात्त्य मानसशास्त्रातला: मन उदास झालं की माणूस कामं सोडतो, कामं सोडली की आणखी उदास होतो, म्हणून छोट्या, आवडीच्या, अर्थपूर्ण कामांकडे त्याला पायरीपायरीने परत आणायचं. पण हा उपचार देणारी माणसं मनोविकारतज्ज्ञ नव्हती. ती होती इथलीच, कोकणी-मराठी-हिंदीत बोलणारी, थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन देखरेखीखाली काम करणारी. दवाखाना नेहमीचं प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर रुग्णाचं घर. भेटी सहा ते आठ. बोलणं ‘मानसिक आजारा’ऐवजी ‘टेन्शन’वरून सुरू होई, कारण रुग्ण तेच सांगत आलेला असे.

आणि हे भावनेच्या भरात सांगितलेलं नाही. दहा आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तपासलं गेलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

म्हणूनच ‘इथलं म्हणजे मोजमाप नसलेलं’ हा आक्षेप मला पटत नाही. गडचिरोलीत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, हे १९९९ साली त्याच नियतकालिकात छापून आलं. पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात ही पद्धत घेतली गेली. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून जवळजवळ निरक्षर बायकांना गावच्या आरोग्याची सूत्रं दिली, तेव्हाही कोणी म्हटलं असेल की हे काम शिकलेल्यांचं. आज जगभरचे लोक तिथे शिकायला येतात.

“संस्कृतीच्या नावाने जातपंचायत परत आणायची का?”

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो ज्यांना सुचतो त्यांच्या बाजूने मी उभी आहे. नातेवाइकांची बैठक लावा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजी-मामा येतात. पण जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या डोळ्यांसमोर दंड ठोठावणारे पंच येतात. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगाच नाही. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध पहिला आवाज उठवला तो त्याच समाजातल्या तरुण मुला-मुलींनी, आणि त्यांना मार खावा लागला.

तेव्हा ‘संस्कृती’ म्हणून आपल्यासमोर जे येतं ते बहुतेक वेळा त्या समाजातल्या वजनदार माणसांचं मत असतं. त्याच समाजात गप्प बसवलेली माणसंही असतात, आणि त्यांची समजही संस्कृतीच असते. मी स्वतः एकच कसोटी वापरते: या खोलीत ज्याचं सर्वांत कमी चालतं त्याला ही व्यवस्था परवडते का? सुनेला, विधवेला, भिन्नलिंगी व्यक्तीशी लग्न करायला नकार देणाऱ्या मुलाला. परवडत नसेल तर ती कितीही जुनी असो, तिचा सन्मान करायचं कारण नाही.

आणि गोपनीयता, आत्मनिर्णय ही परदेशातून आलेली कलमं आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्याचं १८६३ साल आठवावं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. पुनर्विवाहाला बंदी, केशवपन, आणि घरातल्याच पुरुषाकडून दिवस गेले तर जीव देणं किंवा मुलाचा जीव घेणं, अशी त्या काळच्या ब्राह्मण विधवेची कोंडी. फुल्यांनी जाहीर केलं की इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ही तुमची खुशी. नाव-गाव विचारून छळणं नाही, उपदेश नाही, निर्णय तिचा. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

मेरी रिचमंड यांचा ग्रंथ यायला तेव्हा ५४ वर्षं होती. ही मूल्यं इथल्या मातीत उगवली, फक्त इथल्या रूढीच्या विरोधात उगवली. भारतीय ज्ञान परंपरेच्या पुस्तकात मनू आणि कौटिल्य असतील आणि हे घर नसेल, तर ते भारतीयीकरण मला मान्य नाही. टिसमध्ये दलित-आदिवासी प्रश्नांवर समाजकार्याचं स्वतंत्र शिक्षण उभं राहिलं ते याच जाणिवेतून: समाजाकडे बघायचं तर जातीकडे डोळेझाक करून चालणार नाही.

“मग प्रशिक्षणच नको का?”

उलट, जास्त हवं. शेजारणीचं ऐकणं आणि शेजारणीच्या हाती सगळं सोपवणं यातला फरक कळायला कसब लागतं. घरच्या माणसांची बैठक चालू असताना आतल्या एकाच्या धाकाने बाकीचे बोलत नाहीत हे ओळखायला तर फारच. पण शिकवायचं काय आणि कोणी, हे बदलावं लागेल.

भाषेपासून सुरुवात करता येईल. मुलाखत वऱ्हाडीत, अहिराणीत, गोंडीत होते, मनात तिचं मराठी होतं आणि अहवाल इंग्रजीत लिहिला जातो. ‘जीव लागत नाही’, ‘डोकं फिरल्यासारखं होतंय’, ‘पोटात आग पडते’ या तीन वेगवेगळ्या तक्रारी शेवटी एकाच तांत्रिक शब्दाखाली जातात. तिचेच शब्द अहवालात जसेच्या तसे लिहायला लावणं, ही उद्यापासून करता येणारी गोष्ट आहे. त्याला ना समिती लागते ना निधी.

निधीचं मात्र कठीण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. संस्थांच्या हाती पैसा आला, त्याबरोबर तक्तेही आले. तीन महिन्यांत किती लाभार्थी, किती शिबिरं, प्रत्येकी खर्च किती. गावात सहा महिने नुसतं ऐकत बसण्यासाठी त्या तक्त्यात ओळच नसते. म्हणून कार्यक्रम आधी ठरतो आणि गावाला नंतर विचारलं जातं. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलताना मला असं दिसतं की यातले पुष्कळ जण समजूतदार असतात. पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट ‘लोकांनी सांगितलेल्या अडचणींची यादी’ एवढंच ठेवू द्या, असं कोणी ठामपणे मागितलं तर ते मिळू शकतं. आपल्या संस्था मागायलाच कचरतात.

तिसरी गोष्ट परवान्याची. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात रुग्णालयांतले आणि मानसिक आरोग्यातले समाजकार्यकर्तेही आले आहेत. नोंदणी, पात्रता, किमान शिक्षण हे सगळं आता ठरेल. बोगस समुपदेशकांना आळा बसावा म्हणून ते हवंच. पण ते ठरवताना जामखेडच्या बाईसारखी, गोव्याच्या समुपदेशकासारखी माणसं कुठे बसणार? पदवी नसलेल्या पण तपासून घेतलेल्या, देखरेखीखाली काम करणाऱ्या कार्यकर्तीला नियमांत ओळख मिळाली नाही, तर ज्या कामाचे आकडे जग दाखवतं तेच काम इथे बेकायदा ठरण्याची वेळ येईल. नियमांचे मसुदे येतात तेव्हा हरकती-सूचनांची मुदत असते. महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांनी, संस्थांनी आणि आशा सेविकांच्या संघटनांनी त्या मुदतीत लेखी म्हणणं मांडायला हवं.